झाकणशेठचं एक खरं उत्तर

"माणसानं पैशाला कामाला लावावं, पैशानं माणसाला नव्हे," असं झाकणशेठ व्यापारी संघाच्या व्यासपीठावरून म्हणाले, तेव्हा सभागृहात इतक्या टाळ्या पडल्या की ते वाक्य आपल्याला आधीपासून येत होतं याचं खुद्द शेठनाही नवल वाटलं. समोर बसलेल्या प्रत्येकाला आपण आजवर फुकट राबलो असं वाटून गेलं. मग शेठ खाली उतरले, मिळालेली काचेची ढाल बगलेत धरून बाहेर आले आणि गाडी लावल्याचे पैसे द्यायला त्यांनी ड्रायव्हरकडून उसने घेतले. ड्रायव्हरचा त्या महिन्याचा पगार अजून व्हायचा होता. पण त्यानं खिशात हात घातला. तोही मागं उभा राहून भाषण ऐकून आला होता.

झाकणशेठ झाकणं करायचे. औषधाच्या बाटल्यांची, तेलाच्या डब्यांची, शाम्पूची. बाटली कोणाचीही असो, झाकण शेठचं. त्यातही त्यांना अभिमान होता तो दाबून फिरवायच्या झाकणाचा. लहान मुलांच्या हाती औषध लागू नये म्हणून केलेलं ते झाकण इतकं चोख होतं की म्हाताऱ्यांच्या हातीही औषध लागत नसे. तक्रार आली की शेठ म्हणत, "झाकणाचं काम झाकायचं. उघडणं हे गिऱ्हाइकाचं काम."

घरचा पैसाही त्यांनी याच तत्त्वावर ठेवला होता. कुठं काय आहे ते त्यांच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांनाही सगळं एकदम आठवत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते बायकोला ऐकवत. ती म्हणे, "मूठ झाकलेली आहे ते दिसतंय. आत बोटं तरी आहेत ना?"

त्यावर शेठ म्हणत, "बघू."

हा 'बघू' म्हणजे शेठचं खरं भांडवल. गिऱ्हाइकाला म्हटलेला 'बघू' जरा लांबायचा. त्याचा अर्थ, भाव वाढेल. कामगाराला म्हटलेला आखूड असायचा. त्याचा अर्थ, नाही. मेहुण्याला म्हटलेला नाकातून यायचा, आणि त्याचा अर्थ, आता घरी जा. बायकोच्या वाट्याला सगळेच आले होते, त्यामुळे तिला नुसत्या सुरावरून कळायचं. "यांच्या 'बघू'चं पीक मी इतकी वर्षं काढतेय," ती म्हणायची, "हिरवं कोणतं नि वाळकं कोणतं, मला अंधारात ओळखू येतं."

वर्षातून एकदा कारखान्यात एक सल्लागार यायचा. धंद्यात डोकं खुपसून बसलेल्या लोकांच्या घरखर्चाचं, म्हातारपणाचं, मागं राहणाऱ्यांचं नियोजन करून देणं हा त्याचा व्यवसाय. छत्री पाऊस पडायच्या आधी घ्यावी, असं तो पहिल्याच भेटीत म्हणाला होता, तेव्हापासून शेठ त्याला छत्रीवाला म्हणत. माणूस चिकट नव्हता, चिवट होता. मशिनींच्या धाडधाडीत, काचेच्या केबिनमध्ये, शेठच्या दोन फोनांच्या मधल्या फटीत तो आपले प्रश्न सरकवायचा.

"शेठ, कंपनीचं मला नका सांगू. तुमचं स्वतःचं काय आहे, तेवढंच सांगा."

"स्वतःचं म्हणजे? कंपनी काय तुझ्या सासऱ्याची आहे?"

"तसं नाही. कंपनीचा खिसा वेगळा, तुमचा वेगळा."

"मला एकच खिसा आहे, आणि त्यात हात घालायला वेळ नाही."

"उद्या तुम्हाला काही झालं, तर वहिनींना निदान खात्यावर सही तरी..."

"उद्या मला दाणा घ्यायला जायचंय," शेठ म्हणाले. दाणा म्हणजे वितळवून झाकणं ओतायचं प्लॅस्टिक. शेठ त्याच्याबद्दल इतक्या जिव्हाळ्यानं बोलत की नवख्याला वाटे, कोंबड्या पाळल्यात. "काही व्हायचंच असेल तर परवाचं बघ."

"बरं, राहतं घर कोणाच्या नावावर आहे, तेवढं तरी?"

इथं मात्र शेठ थांबले. हा एक प्रश्न त्यांना आवडत नसे, कारण त्याचं उत्तर त्यांना पक्कं माहीत होतं. घर त्यांच्या नावावर नव्हतं. जुन्या हिशेबनिसानं सुचवलं म्हणून घेतानाच ते कंपनीच्या नावावर घेतलं. त्यात कर वाचला. पुढं नव्या मशिनीसाठी कंपनीनं ते एका बँकेकडे तारण ठेवलं. त्यात व्याज वाचलं. एवढी वाचवावाचवी झाल्यावर बायकोला सांगायचं तेवढं राहून गेलं. 'घर आपलं' असं त्यांनी तिला सांगितलं होतं, आणि कंपनी आपलीच असल्यामुळे त्यात खोटं असं काही नव्हतं. दुकानदार रडकुंडीला येईस्तोवर हिंडून तिनं त्या घराच्या फरशा निवडल्या होत्या. हिशेबनीस मध्यंतरी वारला. त्याच्या स्वतःच्या घराचा दावा अजून चालू आहे.

"बघू," शेठ छत्रीवाल्याला म्हणाले. लांब नाही, आखूड नाही, नुसताच सपाट. छत्रीवाल्यानं पुढच्या वर्षीची तारीख घेतली.

ती तारीख यायच्या आत, एका भरदुपारी, शेठ केबिनमध्ये दोन्ही कानांना दोन फोन लावून उभे असताना त्यांच्या उजव्या हातातला फोन पडला. मग उजवा हात पडला. मग शेठ. डावा फोन तसाच चालू होता. पलीकडच्या गिऱ्हाइकाला वाटलं, शेठ गप्प म्हणजे शेठ नाराज. तो आपणहून भाव वाढवत गेला. शेठच्या आयुष्यातला तो सगळ्यात उत्तम सौदा होता. ते टेबलाखाली पडून तो ऐकत होते आणि त्यांना 'हो' म्हणता येत नव्हतं.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी बायकोला नीट समजावून सांगितलं. उजवं अंग गेलंय. डोकं शाबूत आहे, ऐकलेलं सगळं कळतंय, पण बोलायची वाट बंद झालीय. अशा वेळी कधीकधी एखादाच शब्द शिल्लक राहतो. बहुतेक जो जिभेच्या सगळ्यात अंगवळणी असतो तो.

"कोणता ते मला आधी विचारायचं होतंत," बायको म्हणाली.

शेठनी खाटेवरून तिच्याकडे पाहिलं. त्यांना खूप सांगायचं होतं. कोणत्या खात्यात काय आहे, ठेवीची पावती कुठं आहे, आणि घराचं ते. त्यांनी सगळा जीव गोळा केला आणि म्हणाले, "बघू."

बायको हसली, आणि मग तोंड फिरवून त्यांची चादर नीट करू लागली.

घरी आणल्यावर खरी गंमत सुरू झाली. रस्त्याच्या या बाजूच्या बँकेत शेठचा पैसा होता, भरपूर होता. पण तो फक्त शेठच्या सहीनं निघायचा. ती सही शेठनी तरुणपणी मुद्दाम अशी वेटोळ्यावेटोळ्यांची बसवली होती की कोणाच्या बापाला नक्कल करता येऊ नये. आता ती त्यांनाही येत नव्हती. रस्त्याच्या त्या बाजूच्या बँकेत मशिनीचं कर्ज होतं, ते अर्धा टक्का स्वस्त म्हणून तिकडून घेतलेलं. या बाजूची बँक बायकोला म्हणे, पैसे देता येत नाहीत. त्या बाजूची म्हणे, पैसे का देत नाही? मध्ये फक्त रस्ता होता. ती दिवसातून कितीदा तरी तो ओलांडायची.

कर्ज आहे एवढं तिला कळलं होतं. त्याच्यापायी घर अडकलंय हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण ते तिला माहीतच असणार असं त्या बँकेनं धरलं होतं.

धावून आला तो छत्रीवाला. तुम्हाला मी सांगत होतो, असं तो एकदाही म्हणाला नाही, ही त्याची थोरवीच म्हणायची. त्यानं नियम शोधून काढला. खातेदाराला सही करता येत नसेल, पण समज शाबूत असेल, तर बँकेचा अधिकारी घरी येतो. खातेदारानं अधिकाऱ्यासमोर संमती द्यायची, डाव्या हाताचा अंगठा उठवायचा, की पत्नीला खातं चालवता येतं. "वेळेत झालं तर हप्ते भरता येतील, दाणा आणता येईल, कारखाना चालू राहील," छत्रीवाला म्हणाला. "नाही झालं तर कोर्टात जावं लागेल. आणि कोर्टातून आपण बाहेर येईपर्यंत कारखाना नसेल."

म्हणजे सगळं एका 'हो'वर आलं होतं.

त्या दिवशी सकाळी बायकोनं शेठना अंघोळ घातली, इस्त्रीचा सदरा चढवला, चाकाच्या खुर्चीत बसवून बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकवलं आणि त्यांच्यापुढं स्टूल घेऊन बसली.

"हे बघा, आज शेठगिरी नको. त्या बाई विचारतील त्याला खरं खरं उत्तर द्यायचं. हो असेल तर हो, नसेल तर नाही. मान हलवली तरी चालतंय. आयुष्यभर मला गोल गोल फिरवलंत, आज एक दिवस सरळ वागा. माझ्यासाठी."

शेठनी मान हलवली आणि मनोमन ठरवून टाकलं. आज खरं म्हणजे खरं. ठरवल्यावर त्यांना हलकं वाटलं, आणि थोडं दुखलंही, सवय नसलेल्या व्यायामानंतर दुखतं तसं.

बँकेच्या मॅडम आल्या. चेहरा सुतकी नव्हता, नुसता सरकारी होता. छत्रीवाला त्यांच्या शेजारी बसला. मेहुणा दारात उभा राहिला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण सल्ला द्यायला त्याला बोलावणं लागत नसे.

"आजोबा, वर बघा. हा पंखा आहे का?"

शेठ अजून आजोबा झाले नव्हते, पण पंखा खरा होता. त्यांनी होकाराची मान हलवली.

"मी हत्ती आहे का?"

शेठनी मॅडमकडे नीट पाहून सभ्यपणे नकाराची मान हलवली. मेहुणा खुदकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी बरोबरची खूण केली.

"या तुमच्या पत्नी?"

मान हलली, आणि उत्साहाच्या भरात तोंडातून निघून गेलं, "बघू."

मॅडमचं पेन थांबलं.

"हा 'हो'चा 'बघू' आहे," बायको घाईनं म्हणाली. "शेवटी वर गेला ना, तो 'हो'चा. 'नाही'चा खाली जातो."

"बाई, सुराला आमच्याकडे रकाना नाही. आणि तुमच्या फायद्याचा अर्थ तुम्हीच सांगणार, तर मी इथं येऊन काय केलं?" मॅडमनी पान उलटलं. "आता शेवटचंच. सोपं आहे. आजोबा, हे घर तुमचं आहे का?"

बायको स्टुलावरून थोडी पुढं झुकली. तिच्या चेहऱ्यावर गडाच्या शेवटच्या पायरीवर असतो तसा सुटकेचा भाव होता.

शेठनी घराकडे पाहिलं. ती भिंत, ती फरशी. त्यांच्या डोक्यात सगळं लख्ख होतं. हे घर त्यांचं नव्हतं. कंपनीचं होतं, आणि कंपनीकडूनही ते रस्त्याच्या पलीकडे गहाण होतं. एरवी त्यांनी हसून मान डोलावली असती. उभ्या जन्मात असल्या शंभर माना डोलावल्या होत्या. पण समोर बँकेची बाई होती, कागदावर लिहून घेत होती, आणि सकाळीच शब्द दिला होता. खरं खरं.

झाकणशेठनी मान हलवली. नाही.

मॅडम खुर्ची पुढं ओढून बसल्या.

"नीट ऐका. तुम्ही राहता ते हे घर. हे तुमचं आहे का?"

नाही.

"मग कोणाचं आहे?"

शेठना सांगायचं होतं. कंपनीचं, तिला माहीत नाही, माझी चूक, पलीकडच्या बँकेत विचारा, आत्ता कळेल. एवढं सगळं घशाशी आलं आणि एकमेकांत अडकलं. "बघू," ते म्हणाले. "बघू. बघू बघू."

"ताई," मेहुणा दारातून म्हणाला, "मी सांगत नव्हतो? डोकं ठिकाणावर आहे भावोजींचं. त्यांच्या मनातच नाही तुला काही द्यायचं."

"तू गप्प बस."

"मी गप्पच आहे. तेच बोलतायत."

छत्रीवाला मात्र शेठकडे टक लावून बघत होता. इतक्या वर्षांचा त्याचा तो अडलेला प्रश्न आज वेगळ्याच बाजूनं समोर आला होता. तो उठला, खुर्चीजवळ वाकला आणि नको इतक्या काळजीपूर्वक म्हणाला, "शेठ, घर खरोखरच तुमच्या नावावर नाही, असं तर नाही ना?"

शेठच्या छातीत आशेचं काहीतरी उडालं. या माणसाला कळलं. आता फक्त मान हलवायची. पण कशी? नावावर नाही, हे खरं. असं नाही ना, याला मग काय? हो म्हटलं तर, असं नाही, म्हणजे घर माझं. नाही म्हटलं तर, असं नाही असं नाही, म्हणजे... त्यांनी मान थोडी वर नेली, मध्येच आडवी केली, परत वर नेली. धडधाकट माणसालाही त्या वाक्यातून वाट काढायला दोन पायांची गरज लागली असती. शेठना ते सुटेपर्यंत मॅडमनी पेनाचं टोपण लावलं होतं.

"डॉक्टरांचा दाखला काही म्हणू दे. ज्यांना स्वतःचं घर ओळखू येत नाही, त्यांच्या अंगठ्यावर मी खातं दुसऱ्याच्या हाती देऊ शकत नाही. कोर्टाचा आदेश आणा."

"किती दिवस लागतील?" बायकोनं विचारलं.

"ते कोर्टालाही आधी माहीत नसतं," मॅडम म्हणाल्या, आणि हे मात्र त्यांनी खरंच वाईट वाटून म्हटलं.

सगळे गेल्यावर बायकोनं स्टूल उचलून जागेवर ठेवलं. "पंखा ओळखलात. हत्ती ओळखलात," ती म्हणाली. "मला द्यायचं नव्हतं तर आधीच सांगायचं. मी बाईला बोलावलंच नसतं."

"बघू," शेठ कळवळून म्हणाले. वर जाणारा, 'हो'चा, तुझ्यासाठीच केलंचा. पण तिनं त्या दिवसापासून सूर ऐकायचं सोडून दिलं होतं. ती घास भरवायची, कूस बदलायची, औषध द्यायची. औषधाच्या बाटलीचं झाकण दाबून फिरवताना तिचे दात ओठांत रुतायचे. बोलायची मात्र नाही. पूर्वी शेठ तिला एका शब्दात वाटेला लावायचे. आता ती त्यांना तेवढाही देत नव्हती. दोघांच्या संसारात एकच शब्द उरला होता, आणि तोही एकतर्फी.

कोर्टात अर्ज गेला, तिथं त्याला तारीख मिळाली. तिनं दागिने मोडून कामगारांचा एक पगार केला. दुसऱ्याला मोडायला काही नव्हतं. कामगार आधी शेठना बघायला येत, मग पैसे मागायला येऊ लागले, मग येईनासे झाले. वाढीव भाव देणारं ते गिऱ्हाईक दुसऱ्या झाकणवाल्याकडे गेलं. ड्रायव्हरनं गाडीची किल्ली आणून दिली आणि उसने दिलेल्या पैशांचा विषय काढला नाही. मशिनी गार पडल्या. रस्त्याच्या या बाजूला शेठचे पैसे सुखरूप होते, त्यांच्यावर व्याजही चढत होतं.

मग एके सकाळी रस्त्याच्या त्या बाजूच्या बँकेनं पाठवलेला एक माणूस दारात आला. हातात मापाची पट्टी, काखेत फाईल. त्यानं नोटीस दिली आणि अदबीनं म्हणाला, "वहिनी, जागेचं माप घ्यायचंय. लिलावाआधी घ्यावं लागतं."

"कसला लिलाव? घर आमचं आहे."

"कागदावर कंपनीचं आहे. पहिल्यापासून. आमच्याकडे तारण आहे." तो चपला बाहेर काढून आला, पट्टीचं टोक कोपऱ्यात दाबलं आणि कामाला लागला.

तिनं नोटीस उभ्यानं वाचली. मग बसून वाचली. मग ती कागद तसाच हातात घेऊन शेठच्या खुर्चीसमोर येऊन जमिनीवर, त्या फरशीवरच, बसली. कितीतरी दिवसांनी तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही खरं बोललात?"

शेठनी मान हलवली.

"मी सांगितलं होतं म्हणून?"

पुन्हा मान. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी गालावर आलं. उजव्याचंही आलं, पण त्यांना ते कळलं नाही.

"लग्न झाल्यापासून माझं एकदा ऐकलंत," ती म्हणाली. "एकदाच. आणि दिवस तो निवडलात." तिला हसू आलं की काय कोण जाणे, खांदे हलले. मग तिनं त्यांचा मेलेला उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि त्यावरून हात फिरवू लागली. "आणि मी मेली इतके दिवस तुमच्याशी अबोला धरून बसले. आधी सांगायचं नाही का हो? बोलता येत होतं तेव्हा?"

शेठना काहीतरी होत होतं. छातीच्या तळातून एक वेगळाच शब्द वर चढत होता, जुना नव्हे, दुसराच. तो घशापर्यंत आला, जिभेनं त्याला जागा दिली. ओठ कापत कापत एकमेकांवर आले, 'म' म्हणायला यावेत तसे. बायको आणखी जवळ सरकली.

भिंतीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"वहिनी," पट्टीचं दुसरं टोक हातात धरून अवघडून उभा असलेला तो माणूस म्हणाला, "यांना जरा पुढं घेता का? मागची भिंत राहिलीय."